चारशेपैकी चारशे

२००६ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सारायेव्होचा चित्रपट महोत्सव आटोपून अमेरिकी माहितीपटकार लॉरा पॉयट्रस मायदेशी परत निघाल्या होत्या. वाटेत व्हिएन्नाच्या विमानतळावर त्यांना बाजूला घेतलं गेलं. काय झालं, असं त्यांनी तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, तुमच्या नावापुढे धोक्याचे गुण आहेत आणि ते चारशेपैकी चारशे आहेत. ही गुणांची पद्धत युरोपची की अमेरिकेची, हा त्यांचा पुढचा प्रश्न. उत्तर आलं, तुमच्याच सरकारची. त्यांनीच तुम्हाला थांबवायला सांगितलंय. न्यूयॉर्कला उतरल्यावर पुन्हा अडवणूक, पुन्हा चौकशी. कारण मात्र कुणीच सांगितलं नाही.

पॉयट्रस तेव्हा बेचाळीस वर्षांच्या होत्या. इराकवरचा त्यांचा माहितीपट नुकताच पूर्ण झाला होता आणि पुढच्याच वर्षी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. एका हाताने देश गौरव करत होता आणि दुसऱ्या हाताने त्यांचं नाव एका यादीत घालत होता. त्यानंतरची सहा वर्षं, २०१२ पर्यंत, परदेशातून घरी येताना त्यांना पन्नासहून अधिक वेळा अडवलं गेलं.

आपल्याकडे अशा वेळी एक म्हण चटकन तोंडावर येते: कर नाही त्याला डर कशाला. चौकातल्या कॅमेऱ्यांचा विषय निघू द्या, आधारचा निघू द्या, फोनमधल्या माहितीचा निघू द्या, कुणीतरी ही म्हण टाकतं आणि चर्चा तिथेच संपते. मी स्वतः कितीतरी वर्षं ही म्हण बिनदिक्कत वापरली आहे. पॉयट्रस यांचं काम बघत गेलो तसतशी ती माझ्या तोंडून गळून पडली. या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. तुम्ही काय 'केलं', हे आरोप करणारा तुम्हाला सांगेल, असं ती मानून चालते. तो सांगतच नसेल, तर काहीही न केलेल्या माणसालाच जास्त डर वाटते. ज्याने केलंय त्याला निदान ठाऊक असतं, काय लपवायचं ते.

म्हणून मला असं ठामपणे वाटतं, की ज्या यादीत आपलं नाव आहे हे माणसाला कळत नाही, का आहे हे विचारता येत नाही आणि ज्याच्यापुढे दाद मागावी असं कुणी नाही, ती यादी हीच एक शिक्षा असते. ती गुन्ह्याआधी होते, खटल्याविना होते आणि तिला मुदत नसते. लोकशाहीत अशा शिक्षेला जागा असता कामा नये. ज्याचं कामच पाहणं आणि नोंदवून ठेवणं आहे, अशा माणसाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

पॉयट्रस मुळात स्वयंपाकघरातून आल्या. बॉस्टनला वाढल्या, तरुणपणी त्यांना शेफ व्हायचं होतं आणि तिथल्या एका नावाजलेल्या फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये त्या काम शिकल्याही. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये एर्नी गेर या प्रायोगिक चित्रपटकाराच्या हाताखाली शिकल्या. गेर यांच्या चित्रपटांत गोष्ट नसते. एक रिकामा कॉरिडॉर असतो आणि त्याच्याकडे बघत राहणारा कॅमेरा असतो. बघता बघता आपल्याला आपल्याच बघण्याची जाणीव होते. हे शिक्षण पॉयट्रस यांच्या पुढच्या सगळ्या कामात मुरलेलं दिसतं. पुढे त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि २००३ मध्ये लिंडा गुड ब्रायंट यांच्यासोबत त्यांनी पहिला मोठा माहितीपट केला. ओहायोतल्या कोलंबस शहरात कृष्णवर्णीयांची एक जुनी वस्ती होती. तिथली पडीक घरं गोरे समलिंगी खरेदीदार विकत घेऊन सजवू लागले, किमती वाढल्या आणि जुन्या रहिवाशांना तिथे राहणं जड होत गेलं. दोन्ही बाजूंचे लोक समाजाने कधी ना कधी कडेला लोटलेले. कोण खलनायक, हे चित्रपट सांगत नाही. कॅमेरा घराघरांत जाऊन बसतो आणि थांबतो.

२००४ मध्ये त्या इराकला गेल्या त्या एकट्याच. कॅमेरा त्यांचा, आवाजही त्याच टिपणार. अबू घरेबच्या तुरुंगाजवळ त्यांची गाठ डॉ. रियाध यांच्याशी पडली. हे बगदादमधले सुन्नी डॉक्टर, सहा मुलांचे वडील, नगर परिषदेचे सदस्य. तुरुंगाच्या काटेरी तारेला टेकून ते पलीकडच्या कैद्यांशी बोलतात, त्यांच्या तक्रारी लिहून घेतात. आत अगदी लहान मुलंही आहेत, असं कैदी त्यांना तारेपलीकडून सांगतात. जानेवारी २००५ च्या निवडणुकीला हे डॉक्टर उभे राहतात, पण त्यांचा पक्ष बहिष्कार टाकून माघार घेतो. अमेरिकेच्या ताब्याला त्यांचा विरोध आहे आणि मतपेटीवर मात्र त्यांचा विश्वास आहे. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा नांदतात, हे मला त्या काळातल्या कुठल्याच बातमीने दाखवलं नव्हतं. या चित्रपटात ते दिसतं, डॉक्टरांच्या दिवाणखान्यात, त्यांच्या बायकोच्या बोलण्यात, दवाखान्यात येणाऱ्या बायकांच्या रडण्यात.

आणि मग ती गच्ची. १९ नोव्हेंबर २००४, शुक्रवार. बगदादच्या आझमिया भागातल्या अबू हनिफा मशिदीवर नमाजाच्या वेळी अमेरिकी आणि इराकी सैनिकांनी छापा घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भागात चकमकी पेटल्या. पॉयट्रस तेव्हा डॉक्टरांच्या घरी होत्या. घरातल्या लोकांबरोबर त्या गच्चीवर गेल्या आणि काही मिनिटं चित्रण केलं. त्या दिवशीच्या लढाईत एक अमेरिकी सैनिक मारला गेला, काही जखमी झाले. ऑरेगॉनच्या नॅशनल गार्डमधल्या काही सैनिकांनी गच्चीवर कॅमेरा घेतलेली एक बाई पाहिली होती. त्यातून संशय उभा राहिला, की हल्ला होणार हे हिला आधीच ठाऊक होतं आणि तो टिपायलाच ती वर थांबली होती. पॉयट्रस यांनी हा आरोप ठामपणे नाकारला. त्यांच्यावर गुन्हा कधी दाखल झाला नाही. पण त्यांचं नाव यादीत चढलं ते या काही मिनिटांमुळे, हे सरकारी कागदांतून उघड व्हायला पुढची दहा वर्षं जावी लागली.

सैनिकांची बाजू मी हलक्यात काढणार नाही. डोळ्यांदेखत साथीदार मेलेला असतो. आजूबाजूला प्रत्येक गच्चीवरून गोळी येऊ शकते. अशा वेळी कॅमेऱ्याकडे बोट गेलं, तर ते माणसाच्या स्वभावाला धरूनच आहे. या संशयाची चौकशी व्हायला हवी होती, यातही मला शंका नाही. चौकशीची रीत सरळ असते. बोलवायचं, विचारायचं, त्या दिवशीचं चित्रण मागायचं, पुरावा असेल तर न्यायालयात न्यायचं, नसेल तर फाइल बंद करायची. इथे यातलं काही न होता तो संशय विमानतळावरच्या संगणकात जाऊन बसला आणि तिथून दर प्रवासात नव्याने उगवत राहिला. सैनिकाचा संशय क्षणाचा होता. यंत्रणेने त्याला वर्षानुवर्षांचं आयुष्य दिलं. माझी तक्रार सैनिकाविषयी नाही, या दुसऱ्या गोष्टीविषयी आहे.

प्रत्यक्षात काय व्हायचं? विमानाच्या दाराशीच अधिकारी उभे असायचे. मग तासन् तास चौकशी. वह्यांच्या, पावत्यांच्या झेरॉक्स काढल्या जायच्या. एकदा लॅपटॉप, कॅमेरा आणि फोन जप्त झाले ते काही आठवड्यांनी परत मिळाले. एप्रिल २०१२ मध्ये नेवार्क विमानतळावर त्या चौकशीची टिपणं काढू लागल्या. तेव्हा त्यांना लिहू नका असं बजावण्यात आलं. कारण काय, तर पेन हे हत्यार म्हणून वापरता येतं. ऐकलं नाही तर बेड्या घालू, असंही सांगितलं.

पेनच्या या प्रसंगाशी मी फार वेळ थांबतो. ज्या बाईचा अख्खा व्यवसाय नोंद ठेवण्याचा, तिला तिच्याच चौकशीची नोंद ठेवायला बंदी. अधिकारी तिच्याविषयी लिहिणार, साठवणार, दुसऱ्या खात्याला पाठवणार. तिने त्यांच्याविषयी चार ओळी खरडल्या की ते हत्यार. पाळतीचा सगळा प्रश्न या एका टेबलावर मांडलेला आहे. कुणी कुणाकडे पाहायचं आणि कुणी कुणाविषयी लिहायचं, हे ठरवण्याचा अधिकार एकाच बाजूला असणं, हीच ती डर.

याचा कामावर परिणाम झालाच. वह्या, चित्रित साहित्य आणि लोकांची नावं सीमेवरून नेणं धोक्याचं झालं. माहितीपट करणाऱ्याच्या पिशवीत स्वतःची गुपितं थोडी असतात. बहुतेक दुसऱ्यांनी विश्वासाने सोपवलेली असतात. ओसामा बिन लादेनचा एकेकाळचा अंगरक्षक आणि ग्वांतानामोच्या अमेरिकी तुरुंगात डांबलेला त्या अंगरक्षकाचा साडू यांच्यावरचा त्यांचा चित्रपट २०१० मध्ये आला. त्यासाठी त्या येमेनला जात-येत होत्या. अशा प्रवासातली एखादी हार्ड डिस्क दुसऱ्याच्या हाती पडणं म्हणजे काय, ते सांगायला नको. २०१२ मध्ये त्यांनी आपला मुक्काम बर्लिनला हलवला आणि संकलन तिथेच करायचं ठरवलं. ज्या शहरात एकेकाळी स्टासी या पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांच्या फायलींनी शेजाऱ्याला शेजाऱ्याविरुद्ध उभं केलं, त्याच शहरात एका अमेरिकी नागरिकाला आपल्या देशापेक्षा सुरक्षित वाटावं! त्याच वर्षी त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. त्याच वर्षी पत्रकार ग्लेन ग्रीनवॉल्ड यांनी त्यांच्या अडवणुकीची हकीकत छापली, माहितीपटकारांनी एकत्र येऊन निषेधाचं पत्र लिहिलं आणि अडवणूक थांबली. ती कशी सुरू झाली हे जसं सांगितलं नव्हतं, तसं का थांबली हेही सांगितलं नाही. धोका खरोखर चारशेपैकी चारशे असता, तर तो एका लेखाने कसा संपला असता?

यादीचा सर्वांत अनपेक्षित परिणाम जानेवारी २०१३ मध्ये दिसला. पॉयट्रस यांना एका निनावी माणसाचे ईमेल येऊ लागले. एन्क्रिप्शन, म्हणजे तिऱ्हाइताला वाचता येणार नाही असा संदेश पाठवणं, त्या अडवणुकीच्या काळातच शिकल्या होत्या, त्यामुळे त्या उत्तर देऊ शकल्या. मीच का, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्याने कळवलं, की मी तुम्हाला निवडलेलं नाही, तुम्हीच स्वतःला निवडलंय. पाळतीखाली राहिलेली व्यक्तीच या गोष्टीचं वजन ओळखू शकेल, असा त्याचा हिशेब होता. तो माणूस म्हणजे एडवर्ड स्नोडेन, तेव्हा एकोणतीस वर्षांचा, अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी काम करणारा आणि तिच्या पाळतीचे गोपनीय कागद बाहेर आणणारा.

जून २०१३ मध्ये हाँगकाँगच्या मिरा हॉटेलातल्या एका खोलीत जे घडलं, ते त्यांनी आठ दिवस चित्रित केलं. खोली साधी. विस्कटलेला पांढरा पलंग, खिडकीला पडदा, ट्रेमध्ये उरलेलं खाणं. स्नोडेन पलंगावर मांडी घालून बसलेत. मधेच हॉटेलची आगीची घंटा वाजते. सगळे गप्प. पुन्हा वाजते. स्नोडेन खाली फोन करून विचारतात, तेव्हा चाचणी चालू असल्याचं कळतं. पण फोन ठेवल्यावरही ते त्या यंत्राकडे बघत राहतात आणि त्याची वायर काढून टाकतात, कारण ठेवलेल्या फोनमधूनही ऐकता येतं हे त्यांना माहीत आहे. मग पासवर्ड टाकताना ते डोक्यावरून लाल कापड ओढून घेतात. भेटीला आलेले पत्रकार क्षणभर हसतात. पण हा वेडेपणा नाही हे हळूहळू त्यांच्याही लक्षात येतं. हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शेजारी पडलेला माझा फोन उलटा करून ठेवला होता. त्याने काही साधत नाही, हे ठाऊक असूनही.

त्या खोलीत पॉयट्रस बोलत नाहीत, जवळजवळ दिसतही नाहीत. त्यांनी स्नोडेनला नायक म्हणून उभं करायला पार्श्वसंगीताचा मारा केला नाही. माणूस घाबरतो, केस नीट करतो, दाढी करावी का याचा विचार करतो, आणि तरी ठरवलेलं करतो, एवढंच दाखवलं. माझ्या मते या चित्रपटाचं सामर्थ्य इथे आहे. हजारो कागदपत्रांनी जे पटत नाही, ते त्या खोलीतल्या शांततेने पटतं. २०१५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्कर मिळालं. त्याआधी २०१४ मध्ये याच कागदपत्रांवरच्या बातम्यांसाठी गार्डियन आणि वॉशिंग्टन पोस्ट यांना सार्वजनिक सेवेचं पुलित्झर हे पत्रकारितेचं पारितोषिक मिळालं होतं.

त्या कागदांत आपणही होतो. मार्च २०१३ या एका महिन्यात अमेरिकी यंत्रणेने भारतातून सुमारे ६३० कोटी नोंदी गोळा केल्याचं त्यात होतं, आणि इराण, पाकिस्तान, जॉर्डन, इजिप्त यांच्यानंतर पाचवा क्रमांक आपला होता. या ६३० कोटींत कुणाचा 'कर' होता? पुण्याहून कॅलिफोर्नियातल्या मुलीला केलेला फोन, नागपूरहून पाठवलेला ईमेल, असं काहीही त्यात असू शकतं. कुणालाच कळणार नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे गुप्तचर प्रमुख जेम्स क्लॅपर यांना विचारलं गेलं होतं, की कोट्यवधी अमेरिकी लोकांविषयी कसलीही माहिती तुम्ही गोळा करता का? त्यांचं उत्तर 'नाही' असं होतं. तीन महिन्यांनी ते खोटं ठरलं. २०१५ मध्ये संघीय अपील न्यायालयाने फोनच्या नोंदी सरसकट गोळा करणं कायद्यात बसत नाही, असा निकाल दिला आणि त्याच वर्षी अमेरिकी संसदेने ती पद्धत बंद करणारा कायदा केला. स्नोडेनने कायदा मोडला, हे खरं. ज्या यंत्रणेविषयी त्याने सांगितलं तीही कायद्याबाहेर गेली होती, हेही न्यायालयाने सांगितलेलं खरं आहे. पहिल्याला परागंदा व्हावं लागलं. दुसऱ्या बाजूचं कुणी तुरुंगात गेलं नाही.

पॉयट्रस बातमीशी थांबल्या नाहीत, म्हणून त्या मला नुसत्या पत्रकार वाटत नाहीत. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं. त्यातल्या एका अंधाऱ्या दालनात मोठा चौथरा होता. लोकांनी त्यावर उताणं पडायचं आणि छतावर चालणारं आकाशाचं चित्रण बघायचं. ज्या देशांवर ड्रोन फिरतात, तिथल्या रात्रीच्या आकाशाचं. तारे दिसतात, शांत वाटतं, काही जण डोळे मिटतात. मग पुढे जाताना एका पडद्यावर कळतं, की तुम्ही पडून होतात तेव्हा उष्णता टिपणारा कॅमेरा तुम्हालाच वरून टिपत होता. पांढुरक्या आकृत्या, कुठे हात, कुठे पोट, ओळख नाही, फक्त ऊब. वरून बघणाऱ्याला येमेनमधलं कुटुंब असंच दिसत असणार. इथे 'कर नाही त्याला डर कशाला' म्हणणाऱ्यालाही पोटात कालवतं, असं मला वाटतं. युक्तिवादाने जी म्हण हलत नाही, ती पाठ टेकल्यावर हलते.

पॉयट्रस चुकत नाहीत, असं मात्र नाही. विकिलीक्सचे संस्थापक ज्युलियन असांज यांच्यावरचा त्यांचा चित्रपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. त्यानंतर त्यांनी तो पुन्हा संकलित केला. असांज यांच्यावरचे लैंगिक गैरवर्तनाचे आरोप आणि चित्रपटातल्याच जेकब अॅपलबॉम यांच्यावर झालेले तसेच आरोप बाजूला ठेवून गोष्ट सांगता येणार नाही, हे त्यांनी मान्य केलं. अॅपलबॉम यांच्याशी आपले काही काळ वैयक्तिक संबंध होते, हेही त्यांनी चित्रपटातच स्वतःच्या आवाजात सांगितलं. असांज नाराज झाले. कलाकृती म्हणून हा चित्रपट विस्कळीत आहे, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. सत्तेकडे उत्तर मागणाऱ्याने आपल्या माणसांकडेही ते मागितलं पाहिजे, ही परीक्षा त्यात आहे, आणि ती त्यांनी उशिरा का होईना, दिली.

तशीच परीक्षा पुढे पुन्हा आली. स्नोडेनच्या कागदांनंतर २०१४ मध्ये पॉयट्रस, ग्रीनवॉल्ड आणि जेरेमी स्कॅहिल यांनी इंटरसेप्ट हे नियतकालिक सुरू केलं. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकाकडे आलेला एक गोपनीय कागद पडताळून पाहताना असा निष्काळजीपणा झाला, की तो पाठवणाऱ्या रिॲलिटी विनर या तरुणीपर्यंत पोचणं तपास यंत्रणेला सोपं गेलं. तिला पाच वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली. पॉयट्रस याविषयी उघडपणे बोलल्या आणि २०२० च्या अखेरीला त्यांना तिथून जावं लागलं. बोलल्यामुळेच काढलं असं त्यांचं म्हणणं, ते कारण नव्हतं असं संस्थेचं. कुणाचंही खरं धरलं, तरी तुरुंगात गेली ती विश्वास ठेवणारी मुलगी. सरकारी पाळतीविरुद्ध बोलणाऱ्या प्रत्येक संपादकाच्या टेबलावर हे प्रकरण उघडं पडलेलं असावं.

आपल्याकडची गोष्ट थोडी वेगळी आहे. अमेरिकेत माहितीपटाला प्रदर्शनाआधी सरकारी प्रमाणपत्र लागत नाही. आपल्याकडे १९५२ च्या कायद्याने ते लागतं. त्यामुळे आपला झगडा चित्रपट तयार झाल्यावर सुरू होतो. मुंबईच्या आनंद पटवर्धन यांनी एकेक माहितीपट दूरदर्शनवर दाखवला जावा म्हणून वर्षानुवर्षं न्यायालयाची पायरी चढली. २००६ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने दूरदर्शनविरुद्ध त्यांच्या बाजूने निकाल दिला. ते लढू शकले, कारण नकार लेखी होता. त्यावर सही होती, कारण होतं, त्याला आव्हान देता येत होतं. सेन्सॉरशी माझं कधीच जमणार नाही, पण लेखी नकाराची किंमत मला पॉयट्रस यांची हकीकत वाचून कळली. तिथे चित्रपट कुणी अडवला नाही. चित्रपट ज्या वहीतून जन्मतो ती वही उघडली गेली, आणि त्याला लेखी कारण नव्हतं. आता हा दुसरा मार्ग आपल्याकडेही दिसू लागला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये काश्मीरच्या छायाचित्रकार सना इर्शाद मट्टू पुलित्झर स्वीकारायला न्यूयॉर्कला निघाल्या होत्या. व्हिसा होता, तिकीट होतं. दिल्लीच्या विमानतळावर त्यांना अडवलं गेलं आणि कारण सांगितलं गेलं नाही.

मग सुरक्षेचं काय, असा प्रश्न उरतोच आणि तो रास्त आहे. सीमेवर तपासणी हवी, तिला माझा विरोध नाही. पण बॅगेतली स्फोटकं शोधणं वेगळं आणि फोनमधली दहा वर्षं चाळणं वेगळं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये एकमताने सांगितलं, की अटक केलेल्या माणसाचाही फोन वॉरंटशिवाय उघडता येणार नाही. सीमेवर मात्र ही भिंत नाही. २०१७ च्या आर्थिक वर्षात तिथे ३०,००० हून अधिक प्रवाशांची उपकरणं तपासली गेली, आणि २०२१ मध्ये बॉस्टनच्या संघीय अपील न्यायालयाने त्यासाठी वॉरंट लागत नाही असाच निकाल दिला. एकूण प्रवाशांच्या मानाने हा आकडा छोटा आहे, असं अधिकारी सांगतात. खरंय. पण त्यात कुणाला घ्यायचं हे कोण ठरवतं, याचं उत्तर आकड्यात नाही. पत्रकाराचं, वकिलाचं, माहितीपटकाराचं साहित्य न्यायाधीशाच्या आदेशाशिवाय उघडू नये. नाव यादीत ठेवायचं असेल तर ठराविक मुदतीनंतर त्या माणसाला कारण कळावं, आणि ज्या न्यायालयापुढे तपास यंत्रणा आपलं गुपित मांडू शकते, त्याच न्यायालयापुढे त्यालाही आपलं म्हणणं मांडता यावं. सरकारला शत्रू पकडण्यापासून याने कुणी अडवत नाही. अडतं ते एवढंच, की कुणाच्या तरी मनात आलेला संशय दहा वर्षं कुणालाही जाब न देता फिरू शकत नाही.

आपल्याला का अडवलं जात होतं, याचं उत्तर पॉयट्रस यांना न्यायालयात जाऊन मिळवावं लागलं. २०१५ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या मदतीने त्यांनी सरकारवर दावा लावला. मग कागद येऊ लागले, शेकडो पानं, त्यांतली कित्येक काळी फासलेली. व्हिटनीच्या त्याच प्रदर्शनात त्यांनी ही पानं मांडली आणि गच्चीवरचं ते चित्रणही मांडलं. व्हिएन्नाच्या त्या टेबलापासून इथवर दहा वर्षं झाली होती.

त्यांचा अलीकडचा माहितीपट २०२५ मध्ये व्हेनिसला दाखवला गेला. तो पत्रकार सिमूर हर्श यांच्यावर आहे, ज्यांनी १९६९ मध्ये व्हिएतनाममधलं माय लाईचं हत्याकांड आणि २००४ मध्ये अबू घरेबमधले छळ जगापुढे आणले. पॉयट्रस यांनी हर्श यांना पहिल्यांदा विचारलं होतं २००५ मध्ये. होकार मिळायला जवळजवळ वीस वर्षं लागली. हर्श यांच्या घरी पिवळ्या कागदांचे, खोक्यांचे ढीग आहेत आणि त्यांत माणसांची नावं आहेत, ज्यांनी जीव मुठीत धरून त्यांना काही सांगितलं. चित्रीकरण चालू असताना त्या कागदांतून एखादं नाव बाहेर जाईल या भीतीने म्हातारा एकदम बिथरतो, हे सगळं थांबवा म्हणतो. पॉयट्रस समोर बसलेल्या आहेत, कॅमेरा चालू आहे. आपली वही परक्या हातांनी उलगडलेली त्यांनी पन्नासहून अधिक वेळा पाहिलीय.